बायको माझी, झाड त्याचं

"अहो, उठा आधी. कारखानिसांचं झाड चाललंय," कुंदा म्हणाली आणि तिने माझ्या अंगावरचं पांघरूण ओढलं.

मी खिडकीतून पाहिलं. सप्टेंबर महिना, झाडांची पानं अजून हिरवीगार, आणि बाहेर सगळं पांढरंफटक. आम्ही राहतो त्या कॅल्गरीत बर्फाचं नवल नाही. पण इथला बर्फ पानं झडल्यावर पडतो, कोरडा आणि भुरभुरीत, फुंकर मारली तर उडेल असा. हा मात्र ओला होता आणि भिजवलेल्या कणकेसारखा पानापानाला चिकटून बसला होता. आमच्या अंगणातलं सफरचंदाचं झाड कमरेत वाकून जमिनीला टेकलं होतं.

"आपलं सफरचंद बघ आधी," मी म्हणालो.

"ते लवचिक आहे, वाकलंय नुसतं. त्यांचं ते एल्म मोडलं तर छपरावर येईल."

"छप्पर त्यांचं आहे. त्यांना कळेल की."

"त्यांना मीच फोन करून उठवलं," असं म्हणून ती बूट चढवायला बसली. काखेत स्वयंपाकघरातला लांब दांड्याचा झाडू होता. मला चहा विचारला नव्हता.

आता हा कारखानीस कोण, ते सांगतो. मनोहर कारखानीस म्हणजे आमचा शेजारी, मधे एक लाकडी कुंपण. माणूस वाईट नाही. वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक होता, बायको गेल्यावर स्वयंपाक शिकला आणि असा शिकला की बायकांनी त्याला पाककृती विचाराव्यात. कुंदाने त्याच्याकडे वाटीभर शिरा पाठवला की ती वाटी कधी रिकामी परत आली नाही. कधी आंबोळ्या, कधी लिंबाचं गोड लोणचं. "बघा, किती मुरलंय," असं म्हणत कुंदा ते माझ्या पानात वाढायची आणि मला तो घास घशाखाली उतरवताना पाणी प्यावं लागायचं. लोणचं चांगलं असायचं, हेच तर दुखणं.

त्याच्याशी बोलताना ती हसायची. माझ्याशी बोलताना ती, गॅसचं बिल भरलंत का, असं विचारायची. मी सांगलीचा, पाइपलाइनवाल्या कंपनीत जन्म घालवलेला इंजिनिअर. मला विनोद येत नाहीत, आणि आले तर ते लोकांना कळत नाहीत. निवृत्त झाल्यावर मी दिवसभर घरात, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती दिवसातून दोनदा कुंपणापाशी. मला एकाच गोष्टीची धास्ती होती, आणि ती मी कुणापाशी बोललो नाही. कुंदाने आमच्या दोघांना शेजारी शेजारी उभं करून पाहिलं, तर ती मला निवडणार नाही.

या सगळ्यात माझी एक ठेव होती. वटपौर्णिमा. कॅल्गरीत वड कुठून आणणार? पण कारखानिसाची बायको प्रमिला मोठी हौशी. घर घेतलं तेव्हाच तिने अंगणातल्या त्या जुन्या एल्मकडे पाहून, हा आपला वड, असं ठरवून टाकलं होतं. एल्म वडासारखं पसरतं खरं. मग दर जूनमध्ये ती आणि कुंदा ताट घेऊन जायच्या, खोडाला सूत गुंडाळत फेऱ्या मारायच्या. प्रमिला गेली, तरी कुंदाने फेऱ्या सोडल्या नाहीत. इथल्या कोरड्या हवेत सूत कुजत नाही, त्यामुळे खोडाला छातीच्या उंचीवर वर्षावर्षांच्या दोऱ्याचा जाड पट्टाच झाला होता. कारखानीस बाजूला हात जोडून उभा असायचा. मी आमच्या खिडकीतून बघायचो आणि मनात म्हणायचो, अंगण तुझं, झाड तुझं, आंबोळ्याही तुझ्याच. पण दोरा माझा आहे. सात जन्म ती मला मागतेय, आणि तू तिथे नुसता उभा आहेस. एवढ्यावर मी बाकीचं सगळं वर्ष काढायचो.

असो. बूट घालून मीही गेलो. त्या दोघांना बर्फात एकटं सोडायला मी काही खुळा नव्हतो.

कारखानीस अंगणात उभा होता. डोक्याला मफलर, एक गुडघा अधू, हातात फावडं. एल्मचं खोड पुरुषभर उंचीवर दुभंगून दोन मोठ्या फांद्या झाल्या होत्या. एक त्याच्या छपरावर ओणवलेली, दुसरी आमच्या कुंपणावर. दोन्ही बर्फाने इतक्या खाली आल्या होत्या की मधल्या बेचक्यातून आकाश जास्तच दिसत होतं.

"या देवस्थळी," कारखानीस म्हणाला. "बरं झालं आलात. वहिनींनी फोन केला नसता तर मी झोपलोच होतो."

"हो ना. आमच्या घरी तुमची फार काळजी."

त्याला त्यातलं काही कळलं नाही. कुंदाला कळलं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खिशातून फोन काढला. झाडांची कामं करणाऱ्या एका कंपनीचा नंबर तिने आधीच शोधून ठेवला होता. शहरातली निम्मी झाडं मोडत होती, त्यामुळे फोन लागायला बराच वेळ गेला. मग ती मान डोलावत ऐकत राहिली आणि फोन ठेवून म्हणाली, "दोन-तीन दिवस तरी कुणी येणार नाही. तोवर फांदी हलवायची नाही, झोडायची तर नाहीच. ती गारठून कडक झालेली असते. झाडूने खालून हळूच वर उचलायची, म्हणजे बर्फ आपोआप घसरतो. टोकाकडून सुरुवात करायची. खाली उभं राहायचं नाही, शिडीवर चढायचं नाही. आणि काही कापायचं नाही, एल्म या दिवसांत कापलं तर जखमेवर कीड बसते."

"छान. मग करायचं काय, आरती?" मी म्हणालो.

"खालून उचलायचं. सांगितलं ना आत्ता."

तिने झाडू उलटा धरला आणि कुंपणाकडच्या फांदीचं टोक खालून अलगद उचललं. बर्फाचा लोंढा घसरून पडला आणि फांदी हातभर वर गेली. कारखानीस म्हणाला, "वा, वहिनी. काय हात आहे तुमचा." ती हसली. गालावर बर्फ उडालेला, नाक लाल झालेलं, आणि ती त्याच्याकडे बघून हसली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. थंडीत घाम फुटला म्हटलं तरी चालेल. त्या क्षणी मला काहीतरी करून दाखवायचं होतं, तेवढंच. मी कोपऱ्यातला बांबू उचलला. कारखानिसाने टोमॅटोला आधार म्हणून लावलेला. सांगलीला आमच्या परड्यात चिंचेचं झाड होतं, आणि चिंचा पाडण्यात माझ्या तोडीचा गल्लीत कुणी नव्हता. हात उगारून मी छपरावरच्या फांदीला वरून सणसणीत फटका हाणला.

"अहो, नको," कुंदा म्हणाली.

तोवर दुसरा बसला होता. बर्फ पडला, भरपूर पडला. आणि त्याबरोबर खोडातून असा आवाज आला की आमच्या तिघांच्याही तोंडचं पाणी पळालं. बेचकं उकललं. फट वरून खाली गेली, वीतभर, मग आणखी थोडी, आणि थांबली. आत ओलं, पिवळसर लाकूड दिसायला लागलं. छपराकडची फांदी आणखी खाली आली आणि पन्हळीला टेकून राहिली.

मला वाटलं, आता कारखानीस शिव्या देईल, आणि दिल्या तर बरंच होईल, मलाही दोन देता येतील. पण तो लंगडत खोडापाशी गेला, फटीकडे वर पाहिलंसुद्धा नाही, आणि दोऱ्यांच्या त्या पट्ट्यावरचा बर्फ हाताने पुसायला लागला.

"वहिनी, बघा हो जरा. माझा चष्मा धुरकटलाय. दोरा तुटलाय का?"

कुंदाही धावली. दोघांची डोकी खोडाशी जवळजवळ आली. "नाही," ती म्हणाली. "ताणलाय फार. फट आणखी खाली उतरली तर तुटेल."

"मग ती उतरू द्यायची नाही," कारखानीस म्हणाला. घर वाचवायची गोष्ट करत नव्हता तो. मला ते विचित्र वाटलं, आणि नंतर फार राग आला. माझ्या नावाच्या दोऱ्याची याला काय एवढी पडलीय?

उपाय त्यानेच काढला, म्हणजे मीही काढलाच असता. त्याच्या गॅरेजमध्ये सामान बांधायचे रुंद पट्टे होते, कड्या खटखट ओढत आवळायचे. दोन्ही फांद्यांना उंचावर पट्टा घालून त्या एकमेकींकडे ओढून धरल्या तर फट वाढणार नाही, आणि कंपनीची माणसं येईपर्यंत झाड तग धरेल. प्रश्न वर चढायचा होता. त्याचा गुडघा असा. तो शिडी घेऊन आला आणि स्वतःच पहिल्या पायरीवर पाय ठेवायला लागला.

"मनोहरराव, तुम्ही नका चढू," कुंदा म्हणाली. आजवर तिच्या तोंडून मी कारखानीस एवढंच ऐकलं होतं.

"व्हा बाजूला," मी म्हणालो आणि चढलो. ती मला, तुम्हीही नका चढू, असं म्हणेल म्हणून मी दुसऱ्या पायरीवर जरा थांबलो. ती म्हणाली, "थांबा, पट्टा सालीत रुतेल. खाली काहीतरी जाड घालायला हवं." आणि कुंपणाच्या फाटकातून घरी पळाली.

परत आली ती माझा ट्वीडचा कोट घेऊन. निवृत्तीच्या समारंभाला मी घातला होता तो.

"हा?"

"हाच जाड आहे. कपाटात लटकून काय करतोय?"

मी कोट घेतला. काय बोलणार, खाली दोघं तोंडं वर करून उभी. कोटाची एक बाही एका फांदीला गुंडाळली, उरलेला दुसऱ्या फांदीला, वरून पट्टा फिरवला, कडीत ओवला आणि ओढायला सुरुवात केली. खट, खट. बोटं बधिर झाली होती. बर्फ मानेतून आत जात होता. कुंदाने शिडी धरली होती, पण तिची नजर माझ्याकडे नव्हती, दोऱ्याकडे होती. कारखानीसही तिथेच वाकलेला.

"सैल पडतोय का?" तो विचारत होता.

"पडतोय थोडा. देवाची कृपा," कुंदा म्हणाली. "घाबरू नका तुम्ही."

इतकी वर्षं मूग गिळून बसलो होतो. त्या शिडीवर मला ते जमलं नाही.

"कारखानीस," मी वरून म्हणालो, "एक विचारू? तो दोरा माझ्या बायकोने बांधलेला आहे. तो तुटला तर जीव माझा कासावीस व्हायला हवा. तुम्हाला कशाला एवढी काळजी?"

कारखानिसाने चष्मा काढला आणि वर पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, गोंधळ होता.

"तुमचा कसा? अहो, तो प्रमिलाचा आहे."

"प्रमिलावहिनी जाऊन किती वर्षं झाली."

"हो. मे महिन्यात गेली. पुढच्याच महिन्यात पौर्णिमा होती." त्याने कुंदाकडे पाहिलं, तिने मान खाली घातली होती. "दवाखान्यात तिला एकच लागून राहिलं होतं. या वर्षीचा दोरा राहतोय, म्हणायची. मी बायकोला कधी कशाला नकार दिला नाही, पण हे कसं करणार? बाईने बांधायचा असतो. तेव्हा वहिनी म्हणाल्या, तिच्या नावाने मी बांधते. तेव्हापासून दर वर्षी त्याच बांधतात. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

माझा हात कडीवर होता तसाच राहिला.

"आवळा आधी," कुंदा खालून म्हणाली. "मग बोला."

मी आवळलं. फट बोटभर मिटली, फांदी पन्हळीवरून सुटली, आणि कारखानीस मटकन बाकावर बसला. खाली उतरताना मला वाटत होतं की आता माझं ओझं उतरायला हवं. म्हणजे हा माणूस माझ्या बायकोसाठी हात जोडून उभा राहत नव्हता. स्वतःच्या बायकोसाठी उभा राहत होता. ज्या हसण्याने माझी झोप उडाली ते मैत्रिणीच्या नवऱ्याशी हसणं होतं. निवांत वाटायला हवं होतं, पण वाटेना. उलट मत्सर वाढलाच, फक्त त्याचं तोंड फिरलं. मेलेल्या बायकोने पुढच्या जन्मीही हाच हवा म्हणून हट्ट धरावा, आणि या माणसाने तो हट्ट असा जपावा. असं कुणी मला मागितलं असेल का, हा विचार मला तोवर शिवला नव्हता, कारण उत्तर माझ्या खिशात होतं. म्हणजे मला तसं वाटत होतं.

घरी आलो. कुंदाने सुपासाठी पातेलं चढवलं. मी हात शेकत उभा राहिलो.

"मला सांगायचं होतंस," मी शेवटी म्हणालो.

"काय सांगायचं होतं? तुम्हाला त्यातलं काही आवडत नाही. कशाला वाद."

"प्रमिलावहिनींचा बांधतेस, चांगलंच आहे. माझं काही म्हणणं नाही. पण दोन दोरे कसे गुंडाळतेस? आधी आपला की आधी त्यांचा?"

ती गाजर चिरत होती. सुरी थांबली नाही.

"दोन नाही. एकच."

"एक म्हणजे?"

"एक म्हणजे एक. प्रमिलाचा."

"आणि ती होती तेव्हा?"

"तेव्हा ती गुंडाळायची, मी रीळ धरायचे."

मला आधी वाटलं, ती रागावून बोलतेय. बांबूच्या फटक्याचा राग. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. राग नव्हता. गाजराच्या चकत्या सारख्या पडताहेत ना, एवढंच ती बघत होती.

"म्हणजे तू माझ्यासाठी कधीच..."

"तुम्हीच नको म्हणालात." ती सहज म्हणाली. "लग्नाच्या पहिल्या वर्षी. मी सांगलीला ताट घेऊन दारात उभी होते, सासूबाई बाहेर रिक्षात बसल्या होत्या. तुम्ही पेपर वाचत होतात. म्हणालात, माझ्यासाठी हे थोतांड करायचं नाही. एक जन्म पुरे आहे."

"अगं, ते मी बोललो असेन. पंचविशीतला पोरगा, चार पुस्तकं वाचलेली. त्या वयात बोलतात तसं."

"मी एकोणीसची होते. मला ते खरं वाटलं. सासूबाईंना, पाय मुरगळला, म्हणून सांगितलं आणि ताट आत ठेवलं."

"मग नंतर विचारायचंस मला."

"काय विचारायचं? एक जन्म पुरे आहे की अजून लागेल, हे?" तिने गाजरं पातेल्यात लोटली. "तुम्ही ते परत घेतलंत का कधी?"

मी आठवून पाहिलं. घर, नोकरी, दोन मुलांची लग्नं, परदेश, सगळं आठवलं. तसं काही बोलल्याचं आठवेना.

"मग आता घेतो," मी म्हणालो. "ऐकलंस का, कुंदा? आता परत घेतो. पुढच्या वर्षी माझाही बांध."

ती माझ्याकडे वळली. हातात पळी तशीच. तिने मला नीट, वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. भाजीवाल्याकडची भाजी घ्यावी की नाही असं बघतात तसं. लग्नानंतर तिने मला इतका वेळ लावून कधी पाहिलं नव्हतं, आणि मीही कुणासमोर इतका ताटकळत उभा राहिलो नव्हतो.

"विचार करून सांगते," ती म्हणाली.

सूप झाल्यावर तिने त्याचं मोठं भांडं टॉवेलात गुंडाळलं, अंगावर शाल घेतली आणि कारखानिसांना गरम गरम द्यायचं म्हणून बाहेर पडली.

एल्म जगलं. कंपनीच्या माणसांनी बेचक्यात लोखंडी सळ्या घालून ते कायमचं बांधून दिलं. कारखानीस मात्र तीन वर्षांपूर्वी गेला, जिच्याकडे जायचं होतं तिच्याकडे. कुंदाने मला अजून काही सांगितलेलं नाही.